सत्तावीस वर्षांचा पाद्री
(स्टीफन हिस्लॉपचे नागपुरातले दिवस)



अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. १८३० साली जोसेफ स्मिथ याने तो स्थापला. या पंथातली मुले वयाच्या अठराव्या वर्षापासून पुढे घर सोडून दूर देशी धर्मप्रचाराला जातात. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष. पांढरा सदरा, गळ्याला टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि नेहमी दोघांची जोडी. पहाटे उठायचे, पोथी वाचायची, परकी भाषा घोकायची आणि दिवसभर लोकांची दारे ठोठावायची. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याला आणि घरी बोलण्याला. पगार नाही, खर्च स्वतःच्या किंवा घरच्या बचतीतून.

या मुलांची हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा मला त्यांच्या धर्मापेक्षा त्यांच्या दिवसाबद्दल कुतूहल वाटले. कामगारांत संघटनेचे काम करणाऱ्याचा दिवसही दारांवरच जातो. दहा दारांतली आठ उघडत नाहीत, नववे उघडून पुन्हा लागते, आणि दहाव्यात चहा मिळतो पण सभासद मिळत नाही. तेव्हा दार ठोठावणारा कोणत्याही पंथाचा असो, त्याची उन्हातली चाल मला ओळखीची वाटते.

मॉर्मनांचा आपल्या मुलखाशी संबंध जुना आहे. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला, पुढे पुण्यास गेला आणि तिथे त्याने एक लहानशी मंडळी जमवली. थोड्याच वर्षांत ती पांगली. पण नागपूरकरांना असा परदेशी तरुण पाहायला पुण्याकडे बघण्याची गरज नाही. फिंडलेच्या सात वर्षे आधी दुसऱ्या पंथाचा एक स्कॉटिश तरुण आपल्या सीताबर्डीवर येऊन राहिला होता. त्याचे नाव आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, कारण ते एका कॉलेजला दिलेले आहे. तो माणूस कोण होता आणि त्याचा दिवस कसा जात होता, एवढाच आजचा विषय आहे.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. तो पाद्री होण्याच्या सुमारास तिकडे एक मोठी घटना घडली. गावच्या देवळात पाद्री कोण असावा हे जमीनदाराने ठरवायचे की देवळात बसणाऱ्या लोकांनी, असा तो वाद होता. मे १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाद्री जुन्या चर्चमधून बाहेर पडले. त्यांनी पगार सोडले, राहती घरे सोडली आणि 'फ्री चर्च' स्थापन केले. माझ्यासारख्याला यात संपाचीच आठवण येते. पोटावर पाय येणार हे ठाऊक असून इतकी माणसे एका तत्त्वासाठी एकदम उठली, ही गोष्ट धर्माच्या इतिहासातली असली तरी आम्हांलाही शिकण्यासारखी आहे. हिस्लॉप या नव्या चर्चचा. माणसाच्या सदसद्विवेकावर सरकारची किंवा जमीनदाराची सत्ता चालू नये, हा धडा तो घरूनच घेऊन आला होता. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे नागपुरात त्याची परीक्षा व्हायची होती.

मद्रास पलटणीतल्या हिल नावाच्या एका कॅप्टनने नागपूरच्या मिशनसाठी देणगी दिली होती. त्या पैशावर हिस्लॉपची नेमणूक झाली. डिसेंबर १८४४ मध्ये तो पत्नीसह मुंबईस उतरला आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपुरास पोचला. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. मुंबईहून येणारी आगगाडी नागपुरात पोचली ती १८६७ साली. म्हणजे हा सारा प्रवास जुन्या वाटांनी झाला. घरच्या पत्राचे उत्तर यायला महिने लागत. आजचा मॉर्मन मुलगा आठवड्याला आईशी फोनवर बोलतो. हिस्लॉपला घरची वाईट बातमी कळायची, तेव्हा ती जुनी झालेली असायची.

नागपूर तेव्हा इंग्रजी मुलूख नव्हता. गादीवर तिसरे रघुजी भोसले होते आणि सीताबर्डीस कंपनीचा रेसिडेंट बसत असे. पाचसहा कोसांवर, कन्हानच्या काठी कामठीची छावणी होती. शहरात मराठी, छावणीतल्या मद्रासी शिपायांत तमिळ आणि तेलुगू, डोंगरात गोंडी. एका माणसाने किती भाषा शिकाव्यात?

हिस्लॉपच्या कामाचे ढोबळ मानाने चार भाग पडतात.

पहिला भाग भाषेचा. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली छापून झाला होता, म्हणजे अभ्यासाला साधन होते. पण कोशातली मराठी आणि इतवारीतली मराठी एक नव्हे. 'काय करून राहिले?' हा आपला नागपुरी प्रश्न पुण्याच्या पंडितांनाही चमत्कारिक वाटतो, तिथे स्कॉटलंडच्या माणसाची काय कथा! आपल्या बोलीत बोलण्याची खटपट करणाऱ्या परक्याला लोक आधी हसतात. मग त्याची चूक सुधारतात, आणि सुधारता सुधारता त्याच्याशी बोलू लागतात. बाहेरून आलेल्या माणसाचा पाय गावात रोवला जातो तो या हसण्यातून.

दुसरा भाग शाळेचा. १८४६ साली मिशनची शाळा सुरू झाली. मुले येत ती इंग्रजी शिकायला. बायबल हे त्या इंग्रजीबरोबर घ्यावे लागणारे औषध होते. नागपूरच्या बहुतेक घरांनी इंग्रजी ठेवून घेतले आणि बायबल नम्रपणे परत केले. मिशनच्या हिशेबात हे अपयश होते. गावाच्या हिशेबात ती कमाई होती. याच शाळेच्या कामातून पुढे १८८३ साली कॉलेज उभे राहिले, आणि त्या कॉलेजात शिकलेल्या पिढ्या तुमच्याआमच्या घरांत आहेत.

तिसरा भाग बाजारातल्या आणि छावणीतल्या उपदेशाचा, म्हणजे खऱ्या अर्थाने दारे ठोठावण्याचा. या कामात त्याला पहिली दोन वर्षे जोडीदारही नव्हता. १८४७ साली रॉबर्ट हंटर आला आणि जोडी झाली. मॉर्मनांनी जोडीचा नियम केला आहे तो उगाच नव्हे. दिवसभर नकार ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी बोलायला कोणी लागते.

आता त्या परीक्षेची गोष्ट. १८४८ च्या सुमारास बाबा पांडुरंग नावाचा एक ब्राह्मण तरुण मिशनच्या सहवासात आला आणि ख्रिस्ती होण्याची इच्छा धरून पाद्र्यांच्या आश्रयाला गेला. गावात खळबळ उडाली. आपला प्रजाजन परत द्या, अशी मागणी दरबाराने केली. रेसिडेंटाने ती मान्य करून मुलाला दरबाराच्या स्वाधीन केले, आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. हिस्लॉपने अर्ज केले, वरपर्यंत दाद मागितली. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी ज्यांनी मायदेशी पगार सोडले, त्यांना इथे आपलेच कंपनी सरकार पाठीशी उभे राहिलेले दिसले नाही.

या प्रसंगाचा निवाडा दोन तऱ्हांनी केला जातो. कोणी म्हणतात, पाद्र्यांनी पोर नादी लावले. कोणी म्हणतात, राजाने जुलूम केला. मला यात तिसरेच दिसते. त्या मुलाच्या घरच्यांच्या दृष्टीने हातातोंडाशी आलेला मुलगा जिवंतपणी गेला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. एखाद्याला जे खरे वाटते ते मानल्याबद्दल तुरुंगात टाकणे हा अन्याय, हेही खरे. पण या साऱ्यात कैदेत कोण गेले? समजावणारा आपल्या बंगल्यात राहिला आणि ज्याला ते पटले तो गजांआड गेला. आमच्या धंद्यातही हेच होते. गेटावर भाषण करणारा मी. सायंकाळी घरी जाऊन जेवतो. ज्याने ऐकून सभासदाच्या पावतीवर सही केली, त्याची नोकरी दुसऱ्या दिवशी टांगणीला लागते. मन वळवणाऱ्या प्रत्येक माणसाने, मग तो पाद्री असो, पुढारी असो की व्याख्याता, झोपण्यापूर्वी हा हिशेब एकदा करावा. आपल्या शब्दाची किंमत आज कोणी मोजली?

हिस्लॉपने तो हिशेब मनाशी कसा केला, हे आपण त्याच्या वतीने सांगू नये. पण त्याच्या दिवसाचा एक चौथा भाग होता. त्यात तो सांगणारा नव्हता, ऐकणारा आणि पाहणारा होता.

हिंडताना, दौऱ्यावर असताना तो आणि हंटर दगड पाहत. आज शहरात सामावून गेलेली टाकळी तेव्हा गावाबाहेर होती. तिथल्या काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि बियांचे अवशेष सापडले. याचा अर्थ असा की, लाव्हारसाचा एक लोट वाहून थंड झाला, मग त्यावर तळी साचली, त्यांत जीव नांदले, आणि नंतर दुसरा लोट येऊन त्यावर पसरला. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे असे आज आपल्याला कळते. कामठीच्या बाजूच्या वाळूच्या दगडांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे होते. ती ग्लॉसोप्टेरिस नावाची वनस्पती. तशीच पाने ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत आणि पुढे दक्षिण ध्रुवाकडेही सापडली. हे सारे भूखंड एके काळी जोडलेले होते, या सिद्धान्ताला त्यातून बळ आले. त्या प्राचीन भूखंडाला जगाने नाव दिले ते आपल्या गोंडवनाचे. नागपूरच्या भूस्तरांवरचा हिस्लॉप-हंटर यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात छापून आला. त्याच साली हंटर मायदेशी परतला आणि जोडी फुटली. एका खनिजाला हिस्लॉपाइट, आणि इथल्या गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाला हिस्लोपिया अशी नावे पुढे मिळाली. कॉलेजचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तळ्यातल्या जिवाचेही तेच नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

दगडांइतकेच कान देऊन त्याने गोंडांचे ऐकले. गोंडांची गाणी आणि वंशकथा सांभाळणारे परधान असतात. त्यांच्या तोंडची लिंगोची कथा त्याने टिपून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने सोडवले आणि त्यांची कुळे लावून दिली, अशी ती कथा. कचारगडच्या गुहेत माघी पौर्णिमेला गोंड बांधवांची यात्रा भरते, ती याच श्रद्धेने. नागपूर शहरातल्या शहाण्यासुरत्यांना तेव्हा गोंडांच्या गाण्यात लिहून ठेवण्यासारखे काही वाटत नव्हते, हे आपण मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. परक्याने ते लिहून ठेवले. तो निःपक्षपाती होता असे माझे म्हणणे नाही. आपला धर्म खरा आणि इतरांचा अंधार, हा त्याचा समज होता. १८५४ साली भोसल्यांचे राज्य कंपनीने खालसा केले, आणि त्यानंतरच्या राज्यकर्त्यांत त्याची ऊठबस होती. तरीही वहीत लिहिताना त्याने गोंडाचे शब्द गोंडीतच लिहून घेतले. ऐकण्यातला हा प्रामाणिकपणा मोठा आहे. आणि या कामासाठी कोणाला घर सोडावे लागले नाही, कोणाला कैद झाली नाही.

१८६३ सालच्या पावसाळ्यात मध्य प्रांताचे प्रमुख कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम दक्षिणेस बोरीकडे होता. जवळच टाकळघाट येथे प्राचीन शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली जुन्या लोकांची दफनस्थाने. ती पाहायला हिस्लॉप गेला. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी घोड्यावरून मुक्कामाकडे परतताना वाटेतला ओढा पुराने फुगलेला होता. त्यातच तो बुडाला. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्याच्या गोंडी टिपणांचे कागद टेंपल यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले. हिस्लॉपच्या हयातीत त्यांचे पुस्तक झाले नव्हते.

तो मुलूख म्हणजे आजचा बुटीबोरीचा परिसर. तिथे आता औद्योगिक वसाहत आहे. पाळी सुटण्याच्या वेळी गेटावर उभे राहण्यासाठी मी त्या रस्त्याने पुष्कळदा गेलो आहे. पावसाळ्यात तिथले नाले अजून अचानक भरतात. सायकलीवरचा कामगार काठाशी थांबतो, पाण्याचा अंदाज घेतो आणि मग चाक पुढे घालतो. मीही तिथे थांबतो. कोणीतरी मला विचारले होते, 'साहेब, काय पाहून राहिले?' मी त्याला ही हकीकत सांगितली. तो कंत्राटी कामगार गोंड होता. लिंगोची कथा त्याला माहीत होती; ती कागदावर उतरवणाऱ्याचे नाव माहीत नव्हते. मग त्याने मला त्या कथेतला एक भाग सांगितला. तो माझ्या वाचनात आलेल्या कथेहून थोडा निराळा होता. पाणी उतरेपर्यंत आम्ही काठावर उभे होतो. त्या दिवशी मी त्याला पावतीपुस्तक दाखवले नाही. तो बोलत होता, आणि मी ऐकत होतो.