ओबियांग एन्ग्वेमा, तेओदोरो

(५ जून १९४२ – ). विषुववृत्तीय गिनी या आफ्रिकेतील देशाचा लष्करी अधिकारी व १९७९ पासूनचा सत्ताधीश. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को मासियास एन्ग्वेमा याचा तो पुतण्या. काही लेखक त्यास मासियासचा चुलतभाऊ म्हणतात. दोघेही फांग जमातीतील एसांगी या एकाच कुळातील व मोंगोमो या एकाच परिसरातील होत. चुलत्याच्या राजवटीत अधिकारपदे भूषवून अखेर त्यालाच पदच्युत करणारा आणि पुढे स्वतःच्या मुलाला उत्तराधिकाराच्या उंबरठ्यावर आणून ठेवणारा हा पुरुष, वसाहतोत्तर आफ्रिकेतील कुलनिष्ठ सत्तेच्या अभ्यासात विशेष उल्लेखिला जातो.

गिनीच्या आखातातील फर्नांदो पो (सध्याचे बियोको) हे बेट, त्यापासून दूर असलेले आन्नोबोन हे लहान बेट आणि कॅमेरून व गाबाँ यांच्यामधील रीओ मूनी हा मुख्य भूमीवरील प्रदेश मिळून विषुववृत्तीय गिनी हा देश बनला आहे. त्याचे क्षेत्रफळ २८,०५१ चौ. किमी. आहे. १७७८ च्या तहान्वये पोर्तुगालने या भागावरील आपले हक्क स्पेनला दिले. बेटावरील मूळचे रहिवासी बुबी जमातीचे, तर मुख्य भूमीवर फांग बहुसंख्य आहेत. वसाहतीची सारी संपत्ती बेटावरील कोकोच्या मळ्यांत होती व मळ्यांतील बहुतेक मजूर नायजेरियातून येत. फांगांच्या वाट्याला रीओ मूनीतील जंगलतोडीची कामे व दुय्यम नोकऱ्या तेवढ्या आल्या. स्वातंत्र्यानंतरच्या सत्तास्पर्धेत या विषमतेला महत्त्व आले.

ओबियांगचा जन्म मोंगोमोजवळील अकोआकाम या गावी झाला. बाता येथे शिक्षण घेतल्यावर १९६३ मध्ये तो वसाहतीच्या प्रादेशिक रक्षक दलात दाखल झाला आणि त्याच वर्षी त्याला स्पेनमधील सारागोसा येथील लष्करी प्रबोधिनीत पाठविण्यात आले. १९६५ मध्ये तो अधिकारी होऊन परतला. उच्चशिक्षितांची संख्या अत्यल्प असलेल्या या देशात युरोपीय लष्करी संस्थेत शिकलेले मोजकेच तरुण होते. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर सैन्याची सूत्रे या लहानशा गटाकडे जाणे क्रमप्राप्त होते.

मासियास (१९२४–७९) हा आरंभी वसाहतीच्या न्यायालयात दुभाषा होता. स्पॅनिश अधिकाऱ्यांची मर्जी संपादन करून तो मोंगोमोचा नगराध्यक्ष व पुढे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या स्वायत्त शासनाचा उपाध्यक्ष झाला. सप्टेंबर १९६८ मधील निवडणुकीत त्याने स्वायत्त शासनाचा प्रमुख बोनिफासियो ओन्दो एदू याचा पराभव केला आणि १२ ऑक्टोबर १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष झाला. मार्च १९६९ मध्ये परराष्ट्रमंत्री आतानासियो एन्दोंगो याने उठावाचा प्रयत्न केला, असा आरोप ठेवण्यात आला. एन्दोंगो मारला गेला व ओन्दो एदूचा तुरुंगात अंत झाला. बहुतेक स्पॅनिश रहिवासी देश सोडून गेले. १९७० मध्ये एकपक्षीय राजवट आली व १९७२ मध्ये मासियास तहहयात राष्ट्राध्यक्ष झाला. १९७३ मध्ये फर्नांदो पो बेटालाच त्याचे नाव देण्यात आले.

त्यानंतरची सहा वर्षे या देशाच्या इतिहासातील अत्यंत भीषण वर्षे होत. पहिल्या मंत्रिमंडळातील बहुतेक सदस्य ठार झाले वा परागंदा झाले. शिक्षित वर्ग संशयास पात्र ठरला. पलायन रोखण्यासाठी बोटी नष्ट करण्यात आल्या आणि १९७८ मध्ये कॅथलिक चर्चवर बंदी आली. सु. तीन लाख लोकसंख्येपैकी एक-तृतीयांश लोक कॅमेरून, गाबाँ, नायजेरिया व स्पेन या देशांत गेले, असा सामान्य अंदाज आहे. बळींच्या संख्येविषयी मतभेद असले, तरी ती अनेक हजारांत होती, याविषयी दुमत नाही. १९७५–७६ मध्ये नायजेरियाने आपले मजूर परत नेले. त्यांच्या जागी सक्तीने आणलेल्या मजुरांकडून मळे चालविण्याचा प्रयत्न फसला आणि कोकोचे उत्पादन स्वातंत्र्यपूर्व काळातील प्रमाणाच्या लहानशा अंशावर आले. स्पेनमध्ये याच काळात गिनीविषयक वृत्तांवर शासकीय निर्बंध असल्याने बाहेरच्या जगाला या घटनांची कल्पना उशिरा आली.

या राजवटीला विचारप्रणालीपेक्षा कुळाचा आधार अधिक होता. बाहेरच्यांवर विश्वास ठेवता येईना, तसतसे मासियासने सैन्य, तुरुंग, खजिना व मंत्रालये मोंगोमोच्या आपल्या आप्तांकडे सोपविली. अखेरच्या काळात तो स्वतः राजधानी मालाबो सोडून मोंगोमो भागातील आपल्या गावी राहू लागला व देशाची रोकडही त्याच्या घरी ठेवली जाऊ लागली. या व्यवस्थेचा लाभ ओबियांगला मिळाला. तो बेटाचा लष्करी शासक, राष्ट्रीय रक्षक दलाचा प्रमुख व पुढे संरक्षण खात्याचा उपमंत्री झाला. राजकीय कैद्यांच्या छळामुळे कुप्रसिद्ध झालेला मालाबोचा ‘ब्लॅक बीच’ तुरुंग त्याच्याच अधिकारक्षेत्रात होता. राष्ट्राध्यक्ष दूरच्या गावी आणि शस्त्रधारी पुतण्या राजधानीत, अशी ही स्थिती होती. आप्तांना सत्तेत भागीदार करून मासियासने परक्यांच्या उठावाची भीती टाळली खरी. परंतु त्यामुळेच त्याला हटविण्याचे सामर्थ्य केवळ आप्तांकडेच उरले.

१९७९ मध्ये हा विश्वास तुटला. सैनिकांचे वेतन अनेक महिने थकले होते. ते मागण्यासाठी गेलेल्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या काही अधिकाऱ्यांना मासियासने ठार करविले. त्यांत ओबियांगचा एक भाऊ होता. तोवर कुळाबाहेर असलेली दहशत आता कुळातच शिरली होती. ३ ऑगस्ट १९७९ रोजी लेफ्टनंट कर्नल ओबियांगने लष्करी उठाव करून सत्ता हाती घेतली व तुरुंगातील कैद्यांची मुक्तता केली. हा दिवस पुढे ‘मुक्तीचा उठाव’ म्हणून साजरा होऊ लागला. मासियासने एकनिष्ठ सैनिकांच्या साहाय्याने काही दिवस प्रतिकार केला, जवळची बरीच रोकड जाळून टाकली व जंगलात आश्रय घेतला. १८ ऑगस्ट रोजी तो पकडला गेला.

सप्टेंबरच्या अखेरीस मालाबो येथील एका चित्रपटगृहात खास लष्करी न्यायासनापुढे मासियास व त्याचे काही सहकारी यांच्यावर खटला चालला. वंशसंहार, सामूहिक हत्या, सार्वजनिक निधीचा अपहार व देशद्रोह असे आरोप होते. २९ सप्टेंबर १९७९ रोजी त्याला व अन्य सहा जणांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली व त्याच दिवशी ती अमलात आली. मासियासच्या ठायी अलौकिक शक्ती आहे, या समजुतीमुळे स्थानिक सैनिक गोळ्या घालण्यास धजेनात, म्हणून मोरोक्कोच्या सैनिकांकडून हे काम करवून घेण्यात आले, असे सांगतात. आंतरराष्ट्रीय न्यायविद् आयोगाच्या वतीने आलेंहांद्रो आर्तूसियो हा निरीक्षक खटल्यास उपस्थित होता. अनेक गुन्हे शाबीत झाले असले, तरी वंशसंहाराचा आरोप कायद्याच्या अर्थाने सिद्ध झाला नाही, असे मत त्याने नोंदविले. वरिष्ठ न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती.

या खटल्याचे महत्त्व त्यात काय सांगितले गेले, याइतकेच काय वगळले गेले, यातही आहे. अकरा वर्षांच्या अत्याचारांची जबाबदारी एका व्यक्तीवर व तिच्या मूठभर साथीदारांवर निश्चित करण्यात आली. सैन्य व तुरुंग चालविणारे अनेक अधिकारी नव्या सर्वोच्च लष्करी मंडळात बसले होते आणि त्याचा अध्यक्ष ओबियांग होता. परागंदा झालेल्या राजकीय नेत्यांना सत्तेत वाटा मिळाला नाही. बेटाचे नाव बदलून बियोको झाले, चर्चे उघडली, स्पेनशी संबंध पूर्ववत् झाले. परंतु अंमलबजावणी करणारे हात तेच राहिले. मृतांच्या नातेवाइकांना झाल्या गोष्टींचा संपूर्ण वृत्तांत कोणत्याही न्यायासनापुढे ऐकावयास मिळाला नाही.

सत्ता हाती आल्यावर ओबियांगने तिला क्रमाने घटनात्मक रूप दिले. ऑगस्ट १९८२ मध्ये जनमतपृच्छेने नवे संविधान संमत झाले व त्याला सात वर्षांची मुदत मिळाली. राष्ट्राध्यक्षाच्या संरक्षणासाठी मोरोक्कोचे सैनिक ठेवण्यात आले. स्वकीयांवरील अविश्वासाचे ते निदर्शक होते. १९८५ मध्ये देशाने आपले चलन सोडून मध्य आफ्रिकी फ्रँक स्वीकारला व त्यामुळे फ्रान्सच्या प्रभावक्षेत्राशी तो जोडला गेला. १९८६ मध्ये एका कथित कटाबद्दल एउहेनियो आबेसो मोन्दू यास देहान्त शिक्षा झाली. १९८७ मध्ये ओबियांगने विषुववृत्तीय गिनीचा लोकशाही पक्ष स्थापन केला आणि १९८९ मध्ये तो बिनविरोध निवडून आला. देणगीदार राष्ट्रांच्या दडपणामुळे १९९१ च्या संविधानाने अनेक पक्षांना मुभा दिली. तथापि उमेदवाराने देशात दीर्घकाळ सलग वास्तव्य केलेले असावे, या अटीमुळे परागंदा नेते स्पर्धेबाहेर राहिले. राष्ट्राध्यक्षावर खटला भरता येऊ नये, अशीही तरतूद त्यात होती. मासियासच्या खटल्याची पुनरावृत्ती होऊ नये, याची ही कायदेशीर खबरदारी होती.

१९९६, २००२, २००९, २०१६ व २०२२ या प्रत्येक निवडणुकीत त्याला अधिकृत निकालानुसार नव्वद टक्क्यांहून अधिक मते मिळाली. विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहातील १०० जागांपैकी २००८, २०१३ व २०१७ मध्ये विरोधकांना केवळ एकेक जागा मिळाली. २०२२ मध्ये तीही उरली नाही. निवडणुकांच्या निःपक्षपातीपणाविषयी निरीक्षकांनी वेळोवेळी शंका व्यक्त केल्या आहेत.

खनिज तेलामुळे या राजवटीचे स्वरूप पालटले. १९९१ मध्ये आल्बा क्षेत्रातून द्रवरूप हायड्रोकार्बनांचे उत्पादन सुरू झाले आणि १९९५ मध्ये बियोकोजवळील समुद्रात साफीरो हे मोठे तेलक्षेत्र सापडले. पुढील वर्षी तेथून तेल निघू लागले व पंधरा लाखांहून कमी लोकवस्तीच्या या देशाचे दरडोई उत्पन्न काही वर्षे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सर्वाधिक झाले. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी, बालकांचे लसीकरण व शालेय शिक्षण यांबाबत देश त्याच्याहून कितीतरी गरीब देशांच्याही मागे राहिला. २००४ मध्ये अमेरिकेच्या सीनेटच्या एका उपसमितीने रिग्ज या बँकेतील व्यवहारांची चौकशी केली. तीत गिनीचे शासन, अधिकारी व त्यांचे कुटुंबीय यांची ६० हून अधिक खाती व सु. ७० कोटी डॉलरपर्यंतच्या ठेवी आणि कर्जे आढळली. त्याच वर्षी मार्चमध्ये सायमन मान या माजी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील भाडोत्री सैनिकांचा सत्तापालटाचा कट हरारे येथे विमानतळावरच उघडकीस आला. तेलामुळे देशाचे राजकीय मोल वाढल्याचेच हे गमक होय. २०११ मध्ये ओबियांग आफ्रिकी संघाचा अध्यक्ष झाला व २०१७ मध्ये देश तेल निर्यातदार राष्ट्रांच्या संघटनेत सामील झाला.

मासियासच्या काळात कुळ हा सत्तेचा पाया होता. ओबियांगच्या काळात तो आणखी आकुंचित होऊन त्याच्या कुटुंबापुरता राहिला. त्याचा भाऊ आर्मेंगोल ओन्दो एन्ग्वेमा सुरक्षा यंत्रणेत अधिकारपदावर होता. गाब्रिएल एम्बेगा ओबियांग लीमा या मुलाने तेल खाते दीर्घकाळ सांभाळले. ज्येष्ठ पुत्र तेओदोरो एन्ग्वेमा ओबियांग मांगे हा प्रथम वनखात्याचा मंत्री, २०१२ मध्ये द्वितीय उपाध्यक्ष व २०१६ मध्ये प्रथम उपाध्यक्ष झाला. २०११ च्या संविधानदुरुस्तीने राष्ट्राध्यक्षपदाच्या मुदतींवर मर्यादा घातली. पण त्याचबरोबर उपाध्यक्षपद निर्माण केले आणि राष्ट्राध्यक्षपद रिक्त झाल्यास उपाध्यक्षाने ते सांभाळावे, अशी तजवीज केली. त्यामुळे उत्तराधिकाराची वाट कायद्यानेच आखली गेली.

देशातील न्यायालयांत जे प्रश्न विचारता आले नाहीत, ते अखेर परदेशांतील न्यायालयांत विचारले गेले. सार्वजनिक निधीच्या अपहारातून मिळविलेली मालमत्ता फ्रान्समध्ये गुंतविल्याबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये पुत्र तेओदोरो यास तीन वर्षांची स्थगित कारावासाची शिक्षा दिली. २०२० च्या अपिलात तीन कोटी यूरोंचा दंडही लागू झाला व २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. पॅरिसमधील वादग्रस्त प्रासाद ही राजदूतावासाची वास्तू आहे, हा गिनीचा दावा डिसेंबर २०२० मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेटाळला. अमेरिकेत २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कॅलिफोर्नियातील हवेली सोडून द्यावी लागली. त्यातून मिळालेल्या रकमेपैकी सु. २ कोटी ६६ लाख डॉलर गिनीतील जनतेसाठी लसी व औषधे पुरविण्याकरिता राखल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. लोकांच्या पैशाचा काही अंश लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी असा मोठा वळसा घ्यावा लागला.

ओबियांगच्या कारकीर्दीचे मूल्यमापन करताना तिचा मासियासच्या राजवटीशी असलेला संबंध ध्यानात घ्यावा लागतो. चुलत्याच्या काळातील सर्वव्यापी हत्याकांड थांबले, परागंदा झालेल्यांपैकी काहींना परतता आले, रस्ते व इमारती झाल्या आणि २०२२ मध्ये देहान्त शिक्षाही रद्द करण्यात आली. या गोष्टी नाकारता येत नाहीत. परंतु राज्य ही एका कुळाची मिळकत होय, ही मासियासने रुजविलेली कल्पना १९७९ च्या उठावाने मोडली नाही. तिचा केवळ मालक बदलला. आप्ताने आप्ताला दूर केल्याने न्याय झाल्याचा भास निर्माण झाला व म्हणूनच खऱ्या न्यायाची मागणी दीर्घकाळ दबून राहिली. चुलत्याच्या पतनापासून पुतण्याने बोध घेतला, तो सत्ता वाटून घेण्याचा नव्हे, तर ती अधिक जवळच्यांच्या हाती ठेवण्याचा.