अजस्र विमान आणि धावपट्टी : फिल्टनचा बोध

प्रवासी विमानांच्या इतिहासात विमानाची रचना, त्याची यंत्रे आणि त्याचा वेग यांचीच चर्चा बहुधा आढळते. ज्या भूमीवरून ते उडावयाचे तिचा विचार गौण मानला जातो. वस्तुतः विमानाचा आकार वाढत गेला असता भूमीने विमानाशी जुळवून घ्यावयाचे की विमानाने भूमीशी, हाच या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या उत्तरेस असलेल्या फिल्टन येथील धावपट्टीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

युद्धोत्तर नागरी विमानवाहतुकीची दिशा ठरविण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९४२ मध्ये लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. अटलांटिक महासागर ओलांडणारे मोठे प्रवासी विमान बांधावे, ही तिच्या शिफारशींपैकी एक होती. तदनुसार ब्रिस्टल कंपनीने बांधलेल्या ‘ब्रॅबझन’ विमानाचा पंखविस्तार २३० फूट, तर कमाल भार सुमारे १३० टन होता. अशा विमानास फिल्टनची सुमारे २,००० फुटांची धावपट्टी अगदीच अपुरी होती. ती वाढवून सुमारे ८,००० फूट करण्यात आली. या विस्ताराच्या वाटेत चार्लटन हे खेडे होते. त्याचे सक्तीने संपादन करून ते पाडण्यात आले आणि तेथील बहुतेक रहिवासी जवळच्या पॅचवे येथे गेले. ‘चार्लटन’ या प्राचीन इंग्रजी स्थलनामाचा मूलार्थ ‘सामान्य शेतकऱ्यांची वस्ती’ असा आहे.

४ सप्टेंबर १९४९ रोजी या विमानाने प्रथम उड्डाण केले. तथापि ते विकत घेण्यास एकही विमानकंपनी पुढे आली नाही. १९५३ मध्ये योजना रद्द होऊन विमान मोडीत निघाले. भाडे देणारा एकही उतारू त्यातून गेला नाही. धावपट्टी मात्र वाया गेली असे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये जुळविलेल्या पहिल्या काँकॉर्ड विमानाने ९ एप्रिल १९६९ रोजी येथूनच उड्डाण केले. परंतु हा उपयोग मागाहून लाभलेला होय. गाव हलविताना तो कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते.

पुढील काळातील विमानांनी याच्या उलट मार्ग स्वीकारला. १९७० मध्ये वाहतुकीस आलेल्या बोइंग ७४७ विमानाचा भार ब्रॅबझनच्या दुपटीहून अधिक होता. परंतु तो सोळा मुख्य चाकांवर विभागल्यामुळे फरसबंदीवर पडणारा ताण आटोक्यात राहिला. २००७ मध्ये वाहतुकीस आलेल्या एअरबस ए-३८० या विमानाच्या बाबतीत हे तत्त्व अधिकच स्पष्ट दिसते. त्याचा पंखविस्तार ८० मीटरांच्या मर्यादेच्या किंचित आत राखण्यात आला आणि कमाल ५७५ टनांचा भार वीस मुख्य चाकांवर वाटण्यात आला. त्याच वर्षी त्यास ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीवरून वाहतूक करण्याची मान्यताही मिळाली. अर्थात भूमीस काही करावेच लागले नाही, असे नव्हे. बाहेरची इंजिने अशा धावपट्टीच्या कडेपलीकडे येत असल्याने कडांची फरसबंदी रुंदावणे, दुमजली विमानास साजेसे चढण्या-उतरण्याचे मार्ग बांधणे, असे खर्च विमानतळांना करावे लागले. ते पेलू शकणारी विमानतळे मोजकीच असल्याने या विमानाच्या संचाराचे क्षेत्रही मर्यादित राहिले. २०२१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

तात्पर्य, धावपट्टीची लांबी-रुंदी ही केवळ स्थापत्याची बाब नसून नव्या यंत्राची किंमत कोणी मोजावयाची, याचा तो निर्णय असतो. फिल्टन येथे ती एका खेड्याने मोजली. तेथील विमानतळ २०१२ च्या अखेरीस बंद झाला. त्या परिसरात उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींपैकी एकीस ‘ब्रॅबझन’, तर दुसरीस ‘चार्लटन हेज’ असे नाव मिळाले आहे. जे विमान चालले नाही आणि जे गाव उरले नाही, त्या दोहोंची नावे आज अशी शेजारी नांदत आहेत.