प्रतिबल व विकृती
बाह्य भाराला विरोध करताना पदार्थाच्या आत दर एकक क्षेत्रफळावर निर्माण होणाऱ्या बलास प्रतिबल म्हणतात. लांबीतील बदल भागिले मूळ लांबी म्हणजे विकृती. प्रतिबल पास्कलमध्ये मोजतात, विकृती निव्वळ गुणोत्तर असल्याने तिला एकक नाही. बोलताना दोहोंनाही सर्रास ‘ताण’ म्हटले जाते. शास्त्रीय लेखनात ते टाळावे.

१० मिमी व्यासाच्या, २ मीटर लांब पोलादी सळईला ८०० किलोग्रॅमचे वजन टांगल्यास प्रतिबल सुमारे १०० मेगापास्कल होते, आणि सळई जेमतेम १ मिमी लांबते (विकृती ०.०००५). भार काढताच ती पूर्ववत होते. भार व लांबीवाढ यांची ही समानुपातता रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केली. सौम्य पोलादात सुमारे २५० मेगापास्कलनंतर मात्र विकृतीचा काही भाग कायमचा राहतो. म्हणून पूल वा इमारतीच्या अभिकल्पात प्रतिबल या मर्यादेच्या बरेच खाली ठेवतात.