दोन मशीन, एक आवाज

स्मरणिका समितीच्या मंडळींनी "काका, काहीतरी जुनं लिहा" असा आग्रह केला. बँकेतले किस्से सांगून झाले आहेत. म्हणून या वेळी थोडा सिनेमाचा इतिहास, तोही प्रेक्षकांच्या पाठीमागच्या केबिनमधला. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, तालुक्याच्या गावी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडे बोलपट सुरू झाला. पुढच्याच वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला व पडदा मराठीत बोलू लागला. मूकपटात रीळ बदलताना चित्र जुळलं की भागत असे. आता चित्राबरोबर आवाजही त्याच क्षणी दुसऱ्या मशीनवर न्यावा लागला.

फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं, म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसे. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की चित्र आणि आवाज दोन्ही बदलायचे.

आवाज फिल्मच्या कडेला बारीक पट्टीत छापलेला असतो. त्यातून एक्सायटर लॅम्पचा उजेड जातो आणि पलीकडे फोटोसेलवर पडतो. उजेड कमीजास्त होईल तशी अगदी क्षीण वीज तयार होते. ती अँप्लिफायर वाढवतो आणि पडद्यामागच्या स्पीकरला देतो.

आमच्या टॉकीजमध्ये बदलायचा स्विच नेमका या क्षीण विजेच्या तारेत होता. प्रत्येक रिळाला स्पीकरमधून 'टक्' असा मोठा आवाज, की लगेच पिटातून शिट्ट्या. मालकांनी अण्णांना बजावलं, "पुन्हा ऐकू आलं तर पगार कापीन." घरात आई आजारी होती. १९६६ साल, मी शाळेत होतो.

त्या रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर अण्णांनी मला बॅटरी धरायला नेलं. म्हणाले, "बारीक तारेत खटका नको रे. तिथला टक् अँप्लिफायर कितीतरी पट मोठा करतो. आपण दिवाच बदलू." त्यांनी दोन्ही फोटोसेल अँप्लिफायरला कायमचे जोडले आणि स्विच एक्सायटर लॅम्पच्या लायनीत घेतला. एका मशीनचा दिवा विझला की दुसऱ्याचा लागायचा. फिलामेंट तापायला जरासा वेळ लागतो, त्यामुळे आवाज हळूच उमटे. दिव्यांना रेक्टिफायरमधून डीसीच दिला, नाहीतर स्पीकर गुणगुणतो. फोटोसेलच्या तारांची जाळी एकाच टोकाला, अँप्लिफायरपाशी, अर्थ केली. शेवटचा सांधा त्यांनी मला झाळू दिला. घरी आलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी पहिलं रीळ बदललं. कुणाला कळलंसुद्धा नाही. अण्णांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पगार कापला गेला नाही; शाबासकीही कुणी दिली नाही.

पुढे बँकेच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'खासगी नोकरी' असं लिहिलं. अण्णांनी तो अर्ज वाचला आणि एवढंच विचारलं, "ऑपरेटर लिहिलं असतंस तर चाललं नसतं का रे?" मला उत्तर देता आलं नाही. आता अण्णा नाहीत, आणि दोन प्रोजेक्टरची ती केबिनही डिजिटलच्या काळात गेली. म्हणून इथे लिहून ठेवतो: माझे वडील सिनेमा ऑपरेटर होते.

आपल्या सोसायटीत वीज गेली की मीटर रूममधला चेंजओव्हर स्विच खटकन् पडतो आणि लिफ्ट पुन्हा चालू होते. गेली २५ वर्षं हे सगळं कुणीतरी सांभाळत आलं आहे. मुलांनो, कधी खाली उतरून त्यांना त्यांचं काम विचारा. ते आनंदाने सांगतील.