इंटर क्लासमधला सहप्रवासी

नागपूर स्टेशनात बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी उभी आहे आणि तुम्ही इंटर क्लासच्या डब्यात चढता आहात. साल 1893. थर्डपेक्षा इथले बाक जरा रुंद, गर्दी जरा विरळ. धूर, धूळ आणि उकाडा मात्र सगळ्या वर्गांना सारखाच. खिशात हात घालता, तर मोबाइल नाही. गळ्यातला ऑफिसचा पट्टाही गेला. बरंच झालं. एरवी प्रवासात तुम्ही कानात बोंडं खुपसून बसता आणि शेजारच्याचं तोंडही न पाहता उतरता.

खिडकीशी एक गोरा साहेब बसलाय. त्याची वळकटी आणि पेटी शेजारच्या जागेवर ऐसपैस पसरली आहे. शिट्टी व्हायच्या बेतात एक पगडीवाला गृहस्थ लगबगीने आत येतो. वय एकतीस-बत्तीस, चेहरा तापट. बसायला जागा नाही. साहेबाचा डबा, साहेबाचं राज्य. आता काय होणार म्हणून तुम्ही श्वास रोखता. साहेब उठतो, आपली वळकटी स्वतः उचलून खाली ठेवतो आणि हाताने ‘बसा’ म्हणतो.

पगडीवाल्यांना तुम्ही ओळखता. उपासनासंगीतात ज्यांचं नाव तुम्ही लहानपणापासून वाचत आलात, तेच हे नारायण वामन टिळक. पण आत्ता ते ख्रिस्ती नाहीत. कोकणातल्या करजगावचे चित्पावन, संस्कृताचे पंडित, कवी. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं. आता राजनांदगाव संस्थानात नोकरीवर निघालेत. मूर्तिपूजेवरून आणि जातिभेदावरून त्यांचं मन कधीच उडालंय. सगळ्या देशाला एक करील असा नवा धर्मच काढावा, असं त्यांच्या डोक्यात घोळतंय. म्हणजे माणूस शोधात आहे. पण हे त्या साहेबाला कुठून ठाऊक असणार?

कामठी जातं. साहेब कवितेबद्दल विचारतो. संस्कृत काव्यावर गोष्टी निघतात आणि टिळक खुलतात. तुम्ही मनात म्हणता, आता काढेल हा पुस्तक. आपल्याकडे ‘साक्ष द्यायची’ म्हटलं की असंच डोळ्यांसमोर येतं ना? समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहायची आणि पाठ केलेलं सुरू करायचं. भंडारा रोड मागे पडतं, वैनगंगेच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो. साहेब अजून ऐकतोच आहे. मध्येच एखादा प्रश्न टाकतो, आणि तो प्रश्न खरोखरच उत्तर हवं म्हणून विचारलेला असतो. पंडिताला हे लगेच कळतं. शिक्षकी केलेल्या माणसाला खोटा प्रश्न आणि खरा प्रश्न यांतला फरक बरोबर समजतो.

इथे जरा त्या साहेबाकडे नीट बघा. हा कुठला बिशप, कुठल्या मिशनचा मुख्य, हे डब्यात कुणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. दोघेही एकमेकांची नावं न विचारताच उतरणार आहेत.

गोंदिया गेल्यावर रान दाट होतं. दरेकशाच्या बोगद्यात गाडी शिरते आणि धूर आत येतो. सगळे खोकतात, पंडितजी उपरण्याने डोळे पुसतात. उजेडात आल्यावर विषय धर्माकडे वळलेला असतो. ख्रिस्ताविषयी आपलं काय मत, असं साहेब विचारतो. टिळक जे काय वाटतं ते आडपडदा न ठेवता सांगतात. मग पुस्तक निघतं: नवा करार. वाचा, त्याचं आयुष्य पाहा, असं साहेब सांगतो. आणि वर एक भाकीतही करतो, की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांच्या कपाळाला आठी पडते. पडणारच. हे शेवटचं वाक्य तुम्ही उचलू नका बरं का. ते त्या एका माणसाला त्या एका दिवशी शोभून गेलं. दुसऱ्याच्या अंतःकरणाची तारीख ठरवणं हे आपलं काम नाही, आणि बहुतेकांच्या तोंडी ते निव्वळ आगाऊपणाचं होतं. पण पुस्तक घेऊन ‘वाचीन’ असा शब्द टिळक देतात. शब्दाचा माणूस आहे, पाळेल.

राजनांदगावला दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. हमालांच्या गोंगाटात साहेब दिसेनासा होतो. त्याच्या मागे धावून नाव विचारावं असं तुम्हाला वाटतं. राहू द्या. पुढच्या सव्वाशे वर्षांत अनेकांनी तो कोण असावा याचे अंदाज बांधले. त्याने काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही.

काही रात्रींनंतर तुम्ही टिळकांच्या खोलीत उभे आहात. दिव्याची काच काजळली आहे. समोर तेच पुस्तक, हातात पेन्सिल. वाचताना खुणा करायची त्यांची सवय. पहिली पानं कर्तव्य म्हणून उलटली जातात. मत्तयाचा पाचवा अध्याय येतो, डोंगरावरचं प्रवचन, आणि पेन्सिल थबकते. वैऱ्यावर प्रीती करा, उजव्या गालावर मारलं तर डावा पुढे करा. हे तुम्ही संडे स्कूलमध्ये इतक्या वेळा घोकलंय की आता त्याचा आवाजही तुम्हाला येत नाही. त्यांना तो पहिल्यांदा येतोय. तीन अध्याय संपेपर्यंत ते उठत नाहीत. नवा धर्म काढायला निघालेल्या माणसाला आपण मांडू पाहत होतो त्याहून मोठं कुणीतरी आधीच बोलून गेलंय असं दिसतं, तेव्हा कवीचा अहंकार आधी दुखावतो आणि मग सुखावतो. दोन्ही त्या चेहऱ्यावर दिसतंय.

खोलीत साहेब नाही, पाळक नाही, तुम्ही असून नसल्यासारखे. मिशनरींशी पत्रव्यवहार, वाद, शंका, हे सगळं पुढचं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. भाकीत मुदतीत खरं ठरलं. ते ज्याने केलं त्याला हे कळलं असेल असं धरून चालू नका.

इथेच गोष्ट थांबवली तर आपल्या मंडळीत टाळ्या पडतील. म्हणून तुम्हाला लगेच पंढरपूरला नेतो.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथे नातेवाइकांच्या आधाराने राहताहेत. सत्तावीस वर्षांची बाई, पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नाही. बाटला म्हणून लोक टिळकांना शिव्या देतात, बाईंची कीव करतात, आणि कीव शिव्यांपेक्षा जास्त झोंबते. चंद्रभागेच्या वाटेवर बायका यांच्याकडे वळून पाहतात. बाई रडतात आणि मग ते रडणं ओव्यांसारखं जुळायला लागतं. त्यांच्या कवितेचा जन्म या ताटातुटीतला आहे. गाडीतल्या त्या भल्या माणसाने यातलं काही पाहिलं नाही. तुम्ही पाहा. सुवार्ता सांगायला उठलेल्याने हे एकदा तरी पाहून घ्यावं, की एका डब्यात दिलेलं पुस्तक दुसऱ्याच एका घराची चूल विझवू शकतं. मग सांगायचंच नाही का? सांगायचं, पण समोरचा माणूस एकटा नसतो, त्याच्यामागे बायको, आई, भावकी, गाव असतं, याचं भान ठेवून.

जवळजवळ पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे परततात. ख्रिस्ती व्हायला नव्हे, संसार करायला. नगरच्या घरात तुम्ही पाहुणे म्हणून बसलात तर दिसेल: पाण्याची घागर वेगळी, चूल वेगळी, सोवळं कडक. टिळक उंबऱ्याच्या या बाजूला. ते तापट खरे, पण या बाबतीत बायकोवर बळजबरी करत नाहीत. एक दिवस बाई आपल्या आपण विचार करत बसतात, की देवाने माणसं केली तर जात कुणी केली? ब्राह्मण आणि महार यांच्यात देवाने घडवलेला फरक कुठला? उत्तर मिळत नाही, तशी त्यांच्या मनातली शिवाशीव कोसळते. कुणाच्याही हातचं खाईन, असं त्या ठरवतात. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा होतो. कुणी प्रवचन ऐकवून हे घडवलेलं नाही. घरात रोज दिसणारा एक बदललेला माणूस आणि स्वतःचं चोख डोकं, एवढंच भांडवल. पुढे ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी असं लिहिलं की मराठी वाचक आधी हसतो आणि मग गप्प होतो. आपल्यातल्या कितीजणांनी ते वाचलंय, हा प्रश्न मंडळीत विचारून पाहा. दुसऱ्याला काय सांगायचं म्हणून अडतो आपण, आणि मराठीतलं सगळ्यांत देखणं आत्मचरित्र आपल्या माणसाचं आहे हेही आपण सांगत नाही.

तुम्ही नगरमध्ये आहातच, तर संध्याकाळी कीर्तनाला चला. टाळ, पेटी, मृदंग. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये अभंगाच्या चालीवरचं पद. कथा मात्र उधळ्या पुत्राची. हे टिळकांनी सुरू केलेलं नाही. 1862 सालीच इथे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. त्याआधीची कित्येक वर्षं मिशनरी चौकात उभे राहून व्याख्यानं देत होते आणि लोक कंटाळून पांगत होते. कीर्तनाला लोक बसले, कारण कसं बसायचं आणि कुठे मान डोलवायची हे त्यांना ठाऊक होतं. मागे ओट्यावर टेकलेला एक म्हातारा वारकरी ऐकतोय. पुत्र घराकडे वळतो तिथे त्याचे डोळे भरतात. तो ख्रिस्ती होणार नाही. उठताना बुवांच्या पाया पडतो आणि घरी जातो. ही संध्याकाळ वाया गेली असं ज्याला वाटतं, त्याने कीर्तनाला उभंच राहू नये.

नगरची दुसरी बाजूही झाकून ठेवायची नाही. याच वर्षांत दुष्काळ आहे, मिशनच्या आवारात धान्य आहे, आणि त्याच आवारात उपासनाही आहे. भुकेल्याला जेवू घालणं चूक कसं म्हणणार? पण भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच दारातून मिळू लागले की बघणाऱ्याच्या मनात जे येतं ते आलंच, आणि आजतागायत ते गेलेलं नाही. आपण बोलायला कचरतो त्यामागे ते एक कारण आहे. संविधानाच्या 25 व्या कलमाने धर्म पाळायचा तसाच त्याचा प्रसार करायचाही हक्क दिलाय, हे खरं. पण शेजारच्या माणसासमोर कलम काढून कोण बोलतं? त्याला एवढंच पाहायचं असतं, की याला माझ्याकडून काही हवंय का. गाडीतल्या साहेबाला काही नको होतं. त्याच्या हातून टिळकांना मिळालं ते एक पुस्तक आणि बसायला जागा.

आणखी एक उडी मारा, 1917. टिळकांनी मिशनचा पगार सोडलाय आणि ते साताऱ्यात आहेत. ‘देवाचा दरबार’ म्हणून काही मांडलंय. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा, न घेतलेल्यांनाही जागा. पुष्कळ ख्रिस्ती बंधूंच्या भुवया वर गेल्या आहेत. तुमच्याही जातील कदाचित. दोन वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, मुंबईत टिळक जातात. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर अडकलेलं राहतं. ते पुढे नेते कोण, तर सोवळ्यात वेगळी चूल मांडणारी तीच बाई. चौसष्ट अध्याय लिहिते.

आता तुम्ही आपल्या घरी आहात. गुड फ्रायडेची संध्याकाळ. सप्तशब्दांची उपासना आटोपून तुम्ही आलात, अंगावर अजून पांढरे कपडे आहेत. मोबाइल हातात परत आलाय आणि त्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीचा मेसेज: ‘हॅपी गुड फ्रायडे!’ सोबत फुलं, दोन फुगे. दर वर्षी येतो हा. दर वर्षी तुम्ही एक हसरा चेहरा पाठवून मोकळे होता. आडनाव पगारे किंवा गायकवाड, मग तुम्ही ख्रिश्चन कसे, असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तेव्हाही तुम्ही ‘आहोत आम्ही पूर्वीपासून’ म्हणून विषय मिटवला होता. तिची आई गेल्या वर्षी वारली. त्यानंतर डबा खाताना तिने दोनदा विचारलंय, मेल्यावर काय होतं असं तुमच्यात मानतात?

तुम्ही टाइप करता: ‘अगं, आज आमच्यात हॅपी नसतं. आज त्याला क्रुसावर मारलं, तो दिवस. तुझ्या आईबद्दल तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मी टाळलं होतं. उद्या जेवताना बोलू?’

दोन निळ्या खुणा. मग लगेच: ‘उद्या शनिवार, सुट्टी आहे. आत्ता फोन करू?’