शाळेत मुलांनी मन मोकळं केलं तर ते गुप्त राहतं का? समुपदेशन, गोपनीयता आणि कायदा : पालक, शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी माहिती

जालना : "मॅडम, तुम्हाला सांगते, पण घरी कळू देऊ नका." आठवी-नववीतली मुलगी असं म्हणाली की बहुतेक शिक्षिका लगेच "नाही सांगत गं" म्हणतात. अडचण तिथूनच सुरू होते. काही गोष्टी कुणालाही न सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य असतं, तर काही गोष्टी दाबून ठेवणं हा कायद्याने गुन्हा असतो. हा फरक माहीत नसला की नको ती गोष्ट गावभर होते आणि जी पोलिसांपर्यंत जायला हवी ती शाळेच्या भिंतीआड राहते. जाफराबादपासून मंठ्यापर्यंत जिल्ह्यातील आठही तालुक्यांत शाळा, गाव आणि नातेवाईक एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकाच्या तोंडून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. म्हणून हे नियम नीट समजून घेणं गरजेचं आहे.

समुपदेशक कोण?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात म्हटलं आहे. त्यापेक्षा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची आहे. या सूचना सरकारी व खासगी शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि कोचिंग क्लासेस अशा सगळ्यांना लागू आहेत.

वाडी-वस्तीवरच्या शाळेत मात्र हे काम बहुतेक वेळा वर्गशिक्षक, एखाद्या बाई किंवा मुख्याध्यापकच करतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री समिती' स्थापन करायला सांगितलं. आरोग्य विभागाच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' चालतात, तिथेही समुपदेशन होतं. मूल कुणाकडेही बोललं तरी गोपनीयतेचं मूळ तत्त्व तेच राहतं. पदवी असलेला समुपदेशक असो की गणिताचे सर, विश्वासाने सांगितलेली गोष्ट विश्वासानेच सांभाळायची.

गुप्त काय ठेवायचं?

परीक्षेची भीती, मार्क कमी पडल्याचं दुःख, घरातली भांडणं, वडिलांचं दारूचं व्यसन, कर्जाची चिंता, मैत्रिणीशी अबोला, पाळीबद्दलच्या शंका, कुणी आवडतं म्हणून होणारी घालमेल, जातीवरून किंवा रंगावरून चिडवणं. शाळेत मुलं बोलतात ती बहुतेक वेळा असल्याच गोष्टींवर. यातली कोणतीही गोष्ट स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळायची नसते. चिडवण्यावर कारवाई करावीच लागते, पण तीसुद्धा तक्रार कुणी केली हे वर्गात जाहीर न करता.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ नुसार मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. उपचार करणाऱ्या इतर तज्ज्ञांना मदतीसाठी, कुणाच्या जीवाला धोका असेल तेव्हा किंवा न्यायालयाचा आदेश असेल तेव्हा, असे मोजके अपवाद सोडले तर ती माहिती बाहेर देता येत नाही. हा कायदा उपचार करणाऱ्यांसाठी आहे, प्रत्येक वर्गशिक्षकाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण शाळेने आपला नियम ठरवताना हीच चौकट धरली तर चूक होत नाही.

गुप्त ठेवता येत नाही ते काय?

१) लैंगिक अत्याचार. १८ वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाला किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ती माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं सक्तीचं आहे. माहिती दिली नाही तर कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी आहे. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

"आधी शाळेतच चौकशी करू, खरं निघालं तर बघू" हा सर्रास दिसणारा पवित्रा कायद्यात बसत नाही. खरं-खोटं ठरवणं हे पोलीस आणि न्यायालयाचं काम. मुलाला पाच जणांसमोर बसवून पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणं हा त्याच्यावरचा दुसरा आघात असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेच्या वसतिगृहातील मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट केलं. डॉक्टरला जो नियम, तोच शिक्षकाला, वसतिगृहाच्या अधीक्षकाला आणि समुपदेशकाला.

२) जीवाला धोका. "जगावंसं वाटत नाही" असं मूल म्हणालं, वहीत तसं लिहिलं किंवा स्वतःला इजा करून घेतल्याचं दिसलं, तर गुप्ततेचा शब्द तिथे संपतो. मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. पोलीस केस होईल या भीतीने अनेक घरं हा प्रकार लपवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा पूर्वीसारखा गुन्हा राहिलेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सुद्धा अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानतं.

३) ठरलेला बालविवाह. "दिवाळीनंतर माझं लग्न आहे" असं नववीतली मुलगी सांगते, तेव्हा तो घरगुती प्रश्न राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांआधी झाल्याचं आढळलं होतं, आणि मराठवाड्यात ही अडचण अधिक तीव्र आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला किंवा १०९८ ला कळवता येतं. लग्न थांबवताना "तुमच्या मुलीनेच सांगितलं" हे वाक्य मात्र कुणाच्याही तोंडून जाता कामा नये. मुलीला त्याच घरात राहायचं असतं.

चिठ्ठी सापडली तर?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. दप्तरात चिठ्ठी सापडली किंवा मुलगी एखाद्या मुलाशी मोबाईलवर बोलते असं कळलं की काही शाळा थेट वडिलांना फोन लावतात. पुढे काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे: मुलीची शाळा बंद, मोबाईल काढून घेतला आणि दोन महिन्यांत सोयरीक. चिठ्ठी लिहिणं किंवा बोलणं एवढ्यावरून पोक्सो लागत नाही. अशा वेळी आधी मुलीशी शांतपणे बोलावं. तिच्यावर कुणी दबाव आणतंय का, फोटोवरून धमकावतंय का, मुलगा की मोठा माणूस, हे समजून घ्यावं. धोका नसेल तर समुपदेशन पुरेसं असतं.

शारीरिक संबंध झाल्याचं समोर आलं तर गोष्ट वेगळी. कायद्यात संमतीचं वय १८ आहे, त्यामुळे "दोघांच्या मर्जीने" म्हणून शाळेला ते सोडून देता येत नाही.

पालकांना किती सांगायचं?

पालकांना मुलाची काळजी करण्याचा हक्क आहे, पण मुलाचा शब्द न् शब्द ऐकण्याचा नाही. "तो सध्या ताणात आहे, रात्री झोप लागत नाही, आठवडाभर रागवू नका, डॉक्टरांना दाखवा" एवढं सांगितलं की पालकांचं काम होतं. "तुमच्या दारूबद्दल तो असं असं बोलला" हे सांगितलं तर मुलाच्या पाठीवर वळ उठतात आणि तो पुन्हा तोंड उघडत नाही. अत्याचार करणारा घरातलाच असल्याचा संशय असेल, तर आधी पोलीस किंवा १०९८, मग सुरक्षित नातेवाईक.

जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत आई-वडील हंगामात कारखान्यावर असतात आणि मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलांसाठी कुणाशी बोलायचं हे शाळेने हंगाम सुरू होण्याआधीच पालकांना विचारून लिहून ठेवलेलं बरं. ऐन वेळी दारात येईल त्या काकाला सगळं सांगितलं जातं, ते टळतं.

बोलणं सुरू होण्याआधीच मुलाला मर्यादा सांगावी, ही समुपदेशनातली पहिली पायरी. साध्या शब्दांत: "तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल, किंवा तुला कुणी त्रास दिला असेल, तर मदतीसाठी मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल. सांगायच्या आधी मी तुला कळवीन." असं आधीच स्पष्ट केलं तर नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

नोंदी कुठे ठेवायच्या?

समुपदेशनाची वही वेगळी, कुलूपबंद कपाटात आणि चावी एकाच माणसाकडे. वहीत नावाऐवजी क्रमांक, आणि नावांची यादी दुसरीकडे. जनरल रजिस्टर, प्रगतिपुस्तक किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यातलं एक अक्षरही येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या सूचनांनुसार संस्थांनी ठेवायच्या नोंदी आणि वार्षिक अहवाल नाव उघड न करणारे असावेत. किती मुलांना मदत मिळाली हे सांगायचं, कुणाला ते नाही.

सखी सावित्री समितीच्या बैठकीलाही हेच लागू. समितीत शाळेबाहेरचे गावातलेच लोक बसतात. प्रश्न मांडावा, मुलीचं नाव मांडू नये. तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्याही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या नसतात.

मोबाईल किंवा संगणकावर ठेवलेल्या माहितीसाठी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ आहे. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती 'बालक' धरली असून तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुप आणि बातमी

रडणाऱ्या मुलीचा फोटो 'समुपदेशन उपक्रम' म्हणून ग्रुपवर टाकणं, कार्यक्रमाच्या अहवालात मुलाची कहाणी नावासह लिहिणं, हे प्रकार थांबले पाहिजेत. पोक्सोच्या कलम २३ नुसार पीडित बालकाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा किंवा परिसर, म्हणजे ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ मध्येही अशीच बंदी आहे. दीड हजार वस्तीच्या गावात "दहावीतील विद्यार्थिनी" आणि गावाचं नाव एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. बातमीदार, यूट्यूब चॅनलवाले आणि बातमी पुढे ढकलणारे, सगळ्यांनीच हे लक्षात ठेवावं.

पोलिसांत गेलं की मुलीला ठाण्यात बसवतील, अशी भीती असते. कायदा उलट सांगतो. बालकाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री बालकाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं.

गोष्ट फुटली तर तक्रार कुठे?

आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी. दाद मिळाली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, नंतर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही अर्ज करता येतो. अत्याचारपीडित बालकाची ओळख उघड झाली असेल तर थेट पोलीस ठाणे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये आणि अर्जात मुलाची खासगी हकिगत गरजेपुरतीच लिहावी.

हे नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा

• टेली मानस, मानसिक आरोग्यासाठी, मोफत, मराठीतही : १४४१६
• चाइल्डलाइन, मुलांच्या मदतीसाठी, मोफत : १०९८
• तातडीची मदत, पोलीस : ११२