श्रेय महाराजांचे किती?

बडोद्यात जुनी, चांगली वास्तू दिसली की आपण बडोदेकर लगेच म्हणतो, ‘सयाजीमहाराजांनी केले.’ ही कृतज्ञता खरी असली, तरी हिशेब थोडा कच्चा आहे. डभोई-मियागाम ही अरुंद रेल्वे 1862 साली सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढत. ती खंडेरावांच्या अमदानीतली. महाराजांचा तर जन्मच 1863 चा.

1875 मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले. जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळाला दत्तक घेतले. 1881 अखेर त्याच्या हाती पूर्ण अधिकार येईपर्यंत राज्य सांभाळले दिवाण सर टी. माधवरावांनी. हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले. न्यायखाते, पोलीस, वसूल यांची विस्कटलेली घडी त्यांनी बसवली नसती, तर तरुण राजाला सुधारणा कशावर उभ्या करता आल्या असत्या? पुढे 1892 च्या सुमारास शहराला आजव्याचे पाणी मिळू लागले. ते काम इंजिनिअर जगन्नाथ सदाशिव यांचे. ग्रंथालयांची योजना 1910 मध्ये आलेल्या अमेरिकन बोर्डनसाहेबांनी आखली.

मग महाराजांचे काय उरले? पारखून माणसे नेमली एवढेच म्हणून सोडून देणे आम्हाला पटत नाही. सक्तीच्या शिक्षणाचे पाहा. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग, 1906 मध्ये सगळ्या राज्यात अंमल. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होई, त्यामुळे खेडोपाडी नाराजी होतीच. गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तसेच, आणि तेही पुष्कळ सौम्य, विधेयक 1911 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. इंग्रज सरकारकडे पैसा आणि नोकरवर्ग बडोद्याहून किती तरी जास्त. कमी होती ती इच्छेची. इथे श्रेय महाराजांचे, त्यात वाटेकरी नाही.

पण जमेची बाजू मांडली की खर्चाचीही मांडायला हवी. 1891 मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे 24 लाख होती. 1901 मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. मध्ये छप्पनियाचा दुष्काळ होऊन गेला. पाऊस पडला नाही हा राजाचा दोष नव्हे, हे कोणीही मान्य करील. मग चांगल्या पावसाच्या वर्षी भरलेल्या खजिन्याचे श्रेय तरी त्याला कसे द्यायचे? आपल्या गौरवग्रंथांत हा प्रश्न फारसा येत नाही.

त्या काळी पाणीखात्यात ओव्हरसियर, खेड्यात मास्तर, कचेरीत कारकून असलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज दांडिया बाजारात, रावपुऱ्यात राहतात. त्यांच्या माळ्यांवरच्या पेट्यांत नेमणुकीचे हुकूम, रोजनिशा अजून असतील. आजव्याच्या इंजिनिअरचे नाव निदान एवढ्या एका अंकात तरी छापले गेले. त्याच्या हाताखालच्यांची नावे त्या पेट्यांतच सापडतील.